मधल्याबाई आणि कधीच न चुकणारा म्हातारा

दाराची बेल दुरुस्त झाल्यापासून वाजत नव्हती. दुरुस्त करणारे घरचेच, त्यामुळे तक्रारीची सोय नव्हती. त्या सोमवारीही सकाळी सातच्या सुमारास घरधनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून टोस्टरची आतडी बाहेर काढून बसले होते. छत्तीस वर्षं बस डेपोत इंजिनं खोलली, आता निवृत्तीनंतर हाताला चैन नाही म्हणून घरातली एकेक वस्तू ऑपरेशनला घेत. मधल्याबाई टेबलाच्या उरलेल्या वीतभर कोपऱ्यावर शेंगांच्या शिरा काढत होत्या. एक डोळा गॅसवरच्या दुधावर होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बोटांची अदबशीर टकटक नव्हे, चांगली तळहाताची, सलग पाच-सहा वेळा.

"पोलीस असतील तर सांग, टोस्टर आधीच मेला होता," घरधनी मान वर न करता म्हणाले.

"अहो, दूध बघा," म्हणत मधल्याबाई उठल्या.

दारात भाची उभी होती. भावाची मुलगी, वय एकतीस, पण घरात तिला अजून टकळी म्हणत. दीड वर्षाची असताना तिचं तोंड जे सुरू झालं ते झोपेतही बंद होत नसे. काखेत लॅपटॉप, केस न विंचरलेले, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. या अवताराचं मधल्याबाईंना काही वाटलं नसतं, पण टकळी चक्क गप्प होती. 

"भाऊ बरा आहे ना गं?"

"बाबा ठणठणीत आहेत. आत्या, माझी भाषा मरतेय. गुरुवारी."

आतून चर्र आवाज आला. घरधन्यांनी दूध बघितलं होतं, उतू जाताना बघितलं होतं.

गॅस पुसून झाला, टकळीच्या पोटात पाव आणि उरलेलं दूध गेलं, तेव्हा कुठे हकिगत नीट बाहेर पडली. टकळी संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत होती. कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि अकरा माणसं. दोन वर्षं सगळे मिळून एकच खेळ करत होते. एक वाटसरू हरवलेल्या भावाला शोधत खिंड ओलांडून दरीत उतरतो. दरीत चार गावं, चार गावांच्या चार भाषा. त्यातली सगळ्यात मोठी, खिंडीतल्या लोकांची, टकळीनं एकटीनं रचली होती. एकोणीसशे शब्द, सात विभक्त्या, गोलगोल अक्षरांची स्वतंत्र लिपी. तिची आई सगळ्यांना सांगत असे, "लोकांच्या मुली संसार चालवतात, आमची क्रियापदं चालवते."

गेल्या आठवड्यात सोळा माणसं बोलावून त्यांना खेळ खेळायला दिला. खिंडीतल्या माणसानं तोंड उघडलं रे उघडलं, की सोळातल्या चौदा जणांनी 'पुढे'चं बटण दाबलं. कंपनीच्या मुख्याला सगळे कप्तान म्हणत. कप्तान म्हणाला, गुरुवारी पुन्हा सोळा माणसं बसवू. निम्म्यांनी तरी ऐकलं तर भाषा ठेवू, नाहीतर सगळ्यांच्या तोंडी आपलीच भाषा घालून मोकळे होऊ.

"सगळे म्हणतात, खरी वाटत नाही," टकळी म्हणाली. "व्याकरणात एक चूक दाखवा म्हणावं! आत्या, तू जन्मभर दोन भाषांच्या मधे उभी राहिलीस. तूच सांग, खोटं काय आहे त्यात?"

मधे उभं राहणं हे मधल्याबाईंचं कामच होतं. त्यांची आई डोंगरापलीकडची, वडील अलीकडचे. आईला अलीकडची भाषा शेवटपर्यंत धड आली नाही, त्यामुळे वयाच्या नवव्या वर्षापासून वाणी, डॉक्टर, घरमालक या सगळ्यांशी आईचं बोलणं लेकीच्या तोंडून होई. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं एकदा आईला बोलावून मुलगी वर्गात फार तोंड चालवते अशी तक्रार केली, तर मुलीनं आईला सांगितलं की बाई म्हणतात, मुलगी हुशार आहे. आई खूश होऊन घरी आली.

एकोणिसाव्या वर्षी त्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात लागल्या. एक दिवस वरून कुणीतरी जिन्यात उभं राहून ओरडलं, "डोंगरापलीकडचं बोलणं कुणाला कळतं का?" त्या ओल्या हातांनीच वर गेल्या. एक बाई अडली होती आणि डॉक्टर काय सांगतोय ते तिला कळत नव्हतं. बाळ सुखरूप झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं, तिसऱ्या दिवशी दोनदा. पुढे कामच ते झालं, पण इस्पितळात दुभाष्याची जागाच नव्हती, म्हणून कागदोपत्री त्या अकरा वर्षं 'धुलाई मदतनीस' राहिल्या. डॉक्टर म्हणत, "त्या मधल्या बाईंना बोलवा." तेच नाव पडलं.

कामाची एक रीत त्यांनी स्वतःच ठरवली होती. रुग्ण जे म्हणेल ते त्याच्याच तोंडचं म्हणून सांगायचं. 'याच्या पोटात दुखतंय' नाही, 'माझ्या पोटात दुखतंय.' त्यानं गमती व्हायच्या. नवा डॉक्टर आला की पहिले दोन दिवस बाईंनाच तपासायला निघायचा. एकदा सत्तरीच्या आजोबांचं दुखणं सांगताना त्या शांतपणे म्हणाल्या, "मला दाढी करताना चक्कर येते." तो शिकाऊ डॉक्टर त्यांच्या हनुवटीकडे बघतच राहिला.

तर अशा बाईंपुढे टकळीनं टेबलावर लॅपटॉप उघडला. टोस्टर आणखी वीतभर सरकला.

मधल्याबाईंनी आयुष्यात खेळ खेळला नव्हता. त्यांचा वाटसरू आधी दोनदा ओढ्यात पडला आणि मग एका शेळीला धडकत राहिला.

"शेळीला भाषा येते का?" त्यांनी विचारलं.

"आत्या, डावीकडे वळव त्याला."

शेवटी वाटसरू खिंडीतल्या गावात पोचला. खिळे विकणारा भेटला, पाटील भेटला, खेळणारी पोरं भेटली. मधल्याबाई कानाला हात लावून ऐकत होत्या. मग वाटसरूनं एका घरातलं पुस्तक उघडलं, घंटा वाजली आणि पडद्यावर अक्षरं आली, की तुम्हाला खिंडभाषा येऊ लागली आहे.

"एवढ्यात?" घरधनी वाकून बघत म्हणाले. "मी एकोणचाळीस वर्षं सासुरवाडीला जातो. मला अजून जेवायला बोलावलेलं तेवढंच कळतं."

"तुम्हाला तेवढंच कळून घ्यायचं असतं," मधल्याबाई म्हणाल्या. मग भाचीकडे वळल्या. "हा खिळे विकतो ना? मग पाटलासारखा का बोलतो? दिवसभर ओरडून घसा बसलेला माणूस, तो अर्धा शब्द गिळणार. आणि ही पोरं बघ, एकही पोर चुकत नाही. तू या वयात 'मी जाते' म्हणायचं तर 'मी जातो' म्हणायचीस, तुला भाऊ होता म्हणून."

टकळीनं वही काढली.

"दुसरं. हे गाव आणि ते खालचं गाव, किती लांब?"

"चालत दोन तास."

"दोन तासांवर गाव आणि एकाला दुसऱ्याचं अवाक्षर कळत नाही? मग यांना मीठ कोण विकतं? यांच्या मुली कुठे देतात? दोन गावांच्या मधे राहणारी एखादी म्हातारी दाखव, अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं बोलणारी. मीठ चारही गावांत एकाच ठिकाणाहून येतं ना? मग मिठाचा शब्द चौघांचा एकच हवा. आणि एवढ्या वेळात कुणी एकदाही 'काय?' म्हणालं नाही. माझा निम्मा दिवस 'काय म्हणालात?' विचारण्यात जायचा."

टकळीचं पेन थांबत नव्हतं. मधेच ती म्हणाली, "पण आत्या, यानं लोक ऐकतील का? बटण तर तसंच राहणार."

मधल्याबाईंचं लक्ष मात्र पडद्यावर होतं, तिथे एक म्हातारा आला होता. लांब पांढरी दाढी, पायघोळ झगा, हातात काठी. हा खेळातला दुभाष्या. त्याला चारही भाषा येत. कुठल्याही माणसासमोर वाटसरू उभा राहिला की म्हातारा मागून हजर होई आणि धीरगंभीर आवाजात समोरच्याचं म्हणणं समजावून सांगे.

"हा चुकतो का कधी?" मधल्याबाईंनी विचारलं.

"नाही, हा ज्ञानी आहे."

"दमतो?"

"दमेल कशाला?"

"मग ऐकेल कशाला कुणी? हा सगळं बरोबर सांगतो म्हटल्यावर समोरच्या माणसाचं तोंड बघायची गरजच काय? मीही बटण दाबेन."

टकळी ताडकन सरळ बसली. "म्हणजे हा खोटं सांगणारा करू? शत्रूचा हेर?"

"हेर कशाला गं? चांगलाच माणूस असू दे. दमलेला."

"चांगला माणूस चुकीचं का सांगेल?"

मधल्याबाईंनी शेंगांचं ताट पुढे ओढलं. शिरा केव्हाच काढून झाल्या होत्या, तरी त्या एकेक शेंग उचलून पुन्हा बघू लागल्या.

"दगडाच्या खाणीत काम करणारा एक माणूस होता," त्या म्हणाल्या. "फुफ्फुसात धूळ गेलेली. बायको बरोबर होती, दोन मुलं शेजारणीकडे ठेवून आलेली. माझा तो उभ्यानं सहावा तास होता. डॉक्टर मला म्हणाला, 'दोन आठवडे, फार तर तीन. बाईंना सांगा, आता इथेच राहा.' ती माझ्याकडे बघत होती. बोलायची थेट माझ्या आईसारखी. मी तिला म्हटलं, 'वेळ लागेल. धीर धरा.'"

टेबलापलीकडे स्क्रू ड्रायव्हर थांबला.

"एवढंच म्हटलं. तिला वाटलं, बरं व्हायला वेळ लागेल. शेतात गवत कापून पडलं होतं, ते आवरायला ती घरी गेली. विसाव्या दिवशी मुलांना घेऊन आली. तो सतराव्या दिवशी गेला होता. खाटेवर दुसरं माणूस होतं."

"तिला कळलं?" टकळीनं हळूच विचारलं.

"कसं कळणार? डॉक्टरला तिची भाषा येत नव्हती, तिला डॉक्टरची येत नव्हती. माझी चूक पकडू शकेल असं सबंध इस्पितळात एकच माणूस होतं, ते म्हणजे मी. तिनं माझे हात धरले आणि म्हणाली, तुम्ही होतात म्हणून निदान चार शब्द समजले."

घरधनी उठले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं. एकोणचाळीस वर्षांत असं तिसऱ्यांदा घडत असेल. साखर कुठल्या डब्यात असते हे त्यांनी विचारलं नाही, चार डबे उघडून शोधली.

त्यानंतरची बावीस वर्षं मधल्याबाईंनी डॉक्टरच्या तोंडचा एक शब्द मऊ केला नव्हता. आठवडे म्हटले तर आठवडे, दिवस म्हटले तर दिवस. नर्सा मागे म्हणत, बाईंचं काळीज दगडाचं आहे.  ती गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, आज सांगितली.

चहा आला. कडू झाला होता. तिघांनी प्यायला.

"आत्या," टकळी म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा तिनं शब्द जपून वापरले, "मी हे खेळात घेतलं तर चालेल का? नको असेल तर नको म्हण. मी दुसरं काहीतरी बघेन."

"उद्या सांगते."

मंगळवारी सकाळी सहाला टकळीचा फोन वाजला.

"घे. पण खाण नको, मेंढपाळ कर. ती मुलं आता मोठी झाली असतील, कुठेतरी असतील."

मंगळवार आणि बुधवार मधल्याबाई टायरच्या दुकानावर जाऊन बसल्या. जिन्यात रबराचा वास, वर सगळीकडे तारा. संगणकापुढची मुलं त्यांना आधी 'मॅडम' म्हणाली, दुपारपर्यंत सगळ्यांची आत्या झाली. खिळेवाल्याचा घसा बसवला. पोरांच्या तोंडी चुका घातल्या, त्या घालताना टकळीला स्वतःच्या व्याकरणावर घाव घातल्यासारखं झालं. मीठ चारही गावांत एक झालं. पुस्तकाची घंटा गेली. म्हाताऱ्याची दाढी कापून पायघोळ झग्याऐवजी कोपरावर ठिगळ लावलेला कोट दिला.

मुख्य बदल असा, की वाटसरूला भावाची खबर एका मेंढपाळाकडून मिळते. मेंढपाळ सांगतो की भाऊ गेला. 'गेला'साठीचा जो शब्द तो वापरतो, तो खेळणाऱ्याच्या कानावर त्याआधी तीन वेळा पडलेला असतो: एकदा प्रेत नेताना, एकदा मेलेल्या कोकराजवळ आणि एकदा दोन गावांच्या मधे आता नव्यानं राहायला आलेल्या म्हातारीच्या तोंडून, नवऱ्याबद्दल बोलताना. तिन्ही वेळा त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. आणि मेंढपाळाचं बोलून झालं की दमलेला दुभाष्या वाटसरूकडे बघतो आणि म्हणतो, "वेळ लागेल. धीर धर."

गुरुवारी सोळा माणसं आली. मधल्याबाईंना भिंतीजवळ बसवलं होतं, टकळी त्यांच्या शेजारी नखं खात उभी. पहिली वीस मिनिटं जुनंच चाललं. 'पुढे', 'पुढे', 'पुढे'. कप्ताननं मनगटावरचं घड्याळ बघितलं. टकळीनं डोळे मिटून घेतले.

"उघड डोळे," मधल्याबाई पुटपुटल्या. "खाटेपाशी उभं राहायचं तर डोळे उघडे ठेवून."

मेंढपाळ आला, बोलला. म्हातारा बोलला. बरेच जण पुढे निघालेसुद्धा. मग निळी टोपी घातलेल्या एका मुलीनं माऊसवरचा हात उचलला.

"थांबा, थांबा," ती कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली. "कोकराजवळ हाच शब्द होता. हा म्हातारा चुकीचं सांगतोय!"

शेजारचा तिच्या पडद्याकडे वळला. "काहीतरीच. तो कसा चुकीचं सांगेल?"

"अरे, मागे जाऊन ऐक ना!"

तो मागे गेला. त्याचं बघून पलीकडची बाई गेली. ज्यांच्यापर्यंत हे बोलणं पोचलं नव्हतं त्यांच्यातले चार जण आपल्याआपण थबकून मागे फिरले. पुढच्या तासाभरात कुणी खिळेवाल्यापुढे दोनदा उभं राहत होतं, कुणी म्हातारीचं ऐकताना कागदावर शब्द लिहून घेत होतं. कप्तान पाठीमागून फिरत मोजत होता. मोजून झाल्यावर टकळीपाशी आला.

"अकरा," तो म्हणाला. "राहू दे तुझी भाषा."

टकळीच्या तोंडाचा बांध फुटला तो पुढची दहा मिनिटं कुणाला आवरेना. तिनं आत्याला मिठी मारली, कप्तानला मारली, चहा घेऊन आलेल्या माणसालाही मारली.

मधल्याबाई मात्र अजून त्या निळ्या टोपीच्या पडद्याकडेच बघत होत्या. मुलीनं वाटसरूला म्हाताऱ्यासमोर परत आणून उभं केलं होतं आणि त्याच्यावर माऊस दाबत होती. म्हातारा म्हणाला, "वेळ लागेल. धीर धर." तिनं पुन्हा दाबलं. "वेळ लागेल. धीर धर." तिसऱ्यांदाही तेच. मग तिनं खांदे उडवले आणि वाटसरूला दुसरीकडे नेलं.

कप्तान खुर्ची ओढून मधल्याबाईंच्या समोर बसला. रांगडा माणूस, पण आवाज खाली आणून बोलला. "आत्या, तुमच्या भाचीनं सांगितलंय मला, हे कुठून आलं ते. तुमचं नाव घालतो आपण. शेवटच्या यादीत नाही, सुरुवातीलाच, मोठ्या अक्षरात."

"नाव नको."

"मग काय हवं? काहीतरी सांगा. आमच्यावर उपकार आहेत तुमचे."

"एक आहे. छोटंसंच आहे. तुमच्या मुलांना अर्ध्या दिवसाचं काम पडेल."

"बोला ना."

"म्हातारा चुकतो तिथे चुकू दे, मेंढपाळाचं बोलणं आहे तसंच राहू दे, भाऊही परत आणू नका. फक्त, कुणी मागे येऊन म्हाताऱ्याला विचारलं, 'तो खरं काय म्हणाला?', तर त्याला खरं सांगता येऊ दे."